चौथाई

डिचोलीच्या शाळेत एकतीस वर्षं अपूर्णांक शिकवले
आणि स्वतःचा हिशेब कळायला
सत्तराव्या वर्षी वकील शोधावा लागला.

पहिला म्हापशाचा. काचेचं टेबल, काचेचं दार.
तो फोनशी बोलला, मग माझ्याशी, मग पुन्हा फोनशी.
मला वाटतं, आम्हा दोघांचं मृत्युपत्र
त्यानं एकाच कागदावर केलं असतं.
दुसरा पणजीचा, वडिलांच्या खुर्चीत बसणारा.
लेजितिमा, इन्व्हेंतार, मात्रीझ...
मी मान हलवत राहिले,
देवळात संस्कृत ऐकताना हलवते तशी.
फी मात्र त्यानं स्वच्छ मराठीत सांगितली.

तिसरी इथलीच, बाजारात, शिंप्याच्या दुकानावर.
ॲड. झेलिया कुलासो. माझ्या शेवटच्या बॅचच्या वयाची.
खालून शिवणयंत्राची खडखड,
तिच्या टेबलावरचा पेला त्या तालावर हलणारा.
मी म्हटलं, एक-चौदावर अजून सासऱ्यांचं नाव आहे,
आणि विहिरीपलीकडचा तुकडा
दीर तोंडी देऊन गेले, तो कुणाचा?
ती म्हणाली, "मला ठाऊक नाही.
बघून सांगते. गुरुवारी या."
एकतीस वर्षांत हे उत्तर
मी एकाही वर्गाला दिलं नव्हतं.
गुरुवारी गेले.

"आधी सासऱ्यांचं निस्तरायचं, मग मिस्टरांचं.
मेलेले रांगेनं येतात, बाई. मध्ये घुसता येत नाही.
पण तुमची इच्छा आजच लिहून ठेवू."

सगळे विचारतात तेच मग मी विचारलं.
लिहिलेलं उद्या बदलता येतं?
येतं. रोज या. फीही रोजची.
न लिहिता गेले तर?
तर तुमची दोन्ही मुलं, सून, जावई,
कोर्टात एका बाकावर.
सगळं सुकांतीला देता येतं?

तिनं पेन खाली ठेवलं.
लग्न झालं त्याच दिवशी अर्धं तुमचं झालं.
मिस्टर गेले, त्यांचं अर्धं मुलांकडे वळलं.
तुमच्या अर्ध्यातलंही अर्धं मुलांचं,
तुम्ही रागावलात तरी त्यांचंच.
उरेल ते कुणालाही द्या.

तिच्याच कागदावर मी मांडलं:
एक छेद दोन गुणिले एक छेद दोन.
पाचवीचं गणित.

मी रागावलेली नाही.
हृषीकेशनं मस्कतहून पैसे पाठवले,
हवेची गादी पाठवली, ती आपोआप फुगायची.
पण सहा वर्षं दर दोन तासांनी
यांना कुशीवर वळवलं ते सुकांतीनं.
रात्री गजर लावायची नाही ती.
उठायचीच.

साक्षीदार दोन हवेत, ज्यांना यातलं काही मिळणार नाही असे.
डायरी काढली. पानापानावर
मीच मारलेल्या काट्या.
शेवटी पोदेर बोस्त्यांव आला, हाताला पीठ तसंच,
आणि कदंबचा कंडक्टर उल्हास,
ज्याला दोन गुणांसाठी मी सातवीत बसवलं होतं.
दोन गुण. देता आले असते.

नोटरीनं सगळं मोठ्यानं वाचलं.
मी शुद्धीवर आहे, कुणाच्या दडपणाखाली नाही,
हे परक्याच्या आवाजात ऐकताना
हसू आलं, मग घसा दाटला.
उल्हासनं सावकाश सही केली,
कागद माझ्याकडे फिरवून विचारलं,
"बाई, बरोबर आहे ना?"
मी लाल पेन शोधल्यासारखी
पर्स चाचपत राहिले.

घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता.
सुकांतीनं छत्री घेतली, चपला सरळ केल्या.
"खंय गेल्लें, बाई?"
बाजारात, म्हटलं.
तिनं पिशवीत डोकावून पाहिलं.
"मागीर नुस्तें खंय?"